निवळी

अक्कांच्या हाकेला ओ न देणारं माणूस जयसिंगपुरात अजून जन्माला यायचंय, असं पेठेत म्हणायचे. ते माणूस जन्माला आलं होतं, चौदा वर्षांचं झालं होतं आणि अक्कांच्याच दुकानामागच्या खोलीत चिरमुरे चाळत बसलं होतं.

"ढब्बू," अक्कांनी गल्ल्यावरून हाक मारली.

चाळण हलत राहिली.

"ए ढब्बू, बहिरी झालीस काय गं?"

भडंगाची पुडी हातात घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक अक्कांकडे बघायला लागलं. गिऱ्हाइकासमोर हाक वाया गेलेली खपवून घेणाऱ्यांतल्या अक्का नव्हत्या. त्या उठल्या, परातींना वळसा घालून आत गेल्या आणि नातीच्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. सन्मती दचकली. मग हसली.

"आज्जी? कवा आलीस? हाक तर मारायची की."

तिच्या दोन्ही कानांत चिंचोक्यापेक्षा लहान, काळपट तपकिरी बिया बसवलेल्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं धान्यात शिरलेल्या सोंड्याकडे बघावं.

त्या बिया घरात आल्या त्याला सहा महिने होत होते. त्याआधीचं साल वाईट गेलं होतं. सन्मती म्हणजे चांगली बुद्धी. जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, पंडितांनी कान फुंकून ठेवलेलं नाव, आणि वर्गातल्या पोरांना त्यात एक विनोद फुकट मिळाला. पोरगी वाचायला उठली की अक्षरं तिच्यासमोर फेर धरायची. द चा ट व्हायचा, ब पोट फोडून व व्हायचा. एकदा मराठीच्या सरांनी लिपीचा इतिहास सांगितला, की बाकी अक्षरं हजारो वर्षांत वळली, बदलली, पण ढ म्हणे होता तसाच राहिला, म्हणून मठ्ठ पोराला ढ म्हणतात. सर बिचारे फळ्याकडे तोंड करून होते. सगळा वर्ग मात्र मान वळवून सन्मतीकडे बघत होता.

त्यानंतर तिनं आपल्या वह्यांवरचं नाव ब्लेडनं खरवडून काढलं. सगळ्या वह्यांवरचं. जेवायला बसली तरी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

ढब्बू हे अक्कांनी ठेवलेलं लाडाचं नाव होतं. जन्मली तेव्हा ढब्बू मिरचीसारखी गोल आणि तुकतुकीत होती, म्हणून. शाळेतला ढ आणि घरातली ढब्बू यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे अक्कांच्या डोक्यात कधी आलं नाही. का यावं? अक्कांच्या डोक्यात आलेल्या गोष्टी जगाला मान्य करायच्या असतात, जगाच्या गोष्टी अक्कांच्या डोक्यात शिरायच्या नसतात, अशीच त्या घराची रीत होती.

शेवटी धाकटी सून स्नेहल, सन्मतीची आई, कधी नव्हे ती हट्टाला पेटली आणि अक्कांना घेऊन शाळेत गेली. तिथं अडखळत शिकणाऱ्या पोरांसाठी शर्वरी मॅडम नावाच्या वेगळ्या बाई होत्या. वयानं लहान, बोलायला सरळ.

"आज्जी," त्या म्हणाल्या, "प्रत्येकाच्या मेंदूत एक तराजू असतो. शेजारच्यानं घडाघडा वाचलं की तो आपोआप त्याला एका पारड्यात घालतो आणि आपल्याला दुसऱ्यात. आपलं पारडं हलकं पडलं की मेंदूत एक बारीक लहर उठते. आपण विचार करायच्या आधीच उठते. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी ती लहर ओळखलीय. कानाच्या आतल्या कातडीवरनं ती पकडता येते."

"मग पकडून काय करायचं? मुरंबा घालायचा?"

स्नेहल खाली बघायला लागली. मॅडम हसल्या. "ही बी लक्षात ठेवते, की ती लहर उठायच्या आधी कुठला आवाज आला होता. तोच आवाज परत आला की ही त्याच्यावर उलटा आवाज सोडते. लाटेवर उलटी लाट घातली की पाणी सपाट होतं, तसं. पोरीला तेवढाच तुकडा ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं. या पोरांची अर्धी ताकद वाचण्यात जातच नाही हो, ती स्वतःला मोजण्यात जाते. मोजणं थांबलं की वाचायला जागा मिळते. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की माती तळाला बसते ना? म्हणून हिचं नाव निवळी."

"आमच्या वेळी कानात बोळे घालत नव्हते," अक्का म्हणाल्या. "कानाखाली घालत होते."

"तुमची अक्षरं पण नाचायची का, आज्जी?"

"अक्षरं कशाला नाचतील? मास्तर नाचवायचा." मग सुनेसमोर विषय वाढू नये म्हणून अक्कांनी विचारलं, "त्या बीला काय कळतंय, कुठलं बोलणं चांगलं आणि कुठलं वाईट?"

"काहीच कळत नाही. अर्थ तिला कळतच नाही. टोचलं, एवढंच कळतं. दहावीपर्यंत ठेवू, वाचनाला हात बसला की हळूहळू काढू."

बिया बसल्या. महिन्याभरात सन्मती एसटीची पाटी वाचायला लागली. एके दिवशी तिनं नव्या वहीवर जाड पेनानं आपलं नाव घातलं आणि वही मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी खिडकीत ठेवली. अक्कांनी ती बघितली. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला त्यांनी ते सांगितलं, "धाकट्याची पोरगी, फाडफाड वाचती आता." पण पोरीच्या तोंडावर? तोंडावर कौतुक केलं की लेकराला दृष्ट लागते आणि लेकरू डोक्यावर बसतं, हे अक्कांचं शास्त्र होतं. तोंडावर त्या म्हणाल्या, "धडा वाचलास म्हणे. थोरल्याच्या प्रांजलनं अख्खं पुस्तक संपवलं. आणि मी बघ, दुसरी नापास. तरी ह्या पेठेत मला फसवून दाखव म्हणावं कुणी."

या वाक्यातलं किती सन्मतीच्या कानात शिरलं, ते त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या न ऐकलेल्या हाकेनंतर दुसऱ्याच दिवशी अक्का स्वतः शाळेत जाऊन मॅडमपुढं बसल्या. स्नेहल आणि सन्मती मागून आल्या. मॅडमनी पोरीला लांबच्या खिडकीपाशी चित्रं काढायला बसवलं आणि दबक्या आवाजात बोलत पडद्यावर रेघा काढल्या. कुठला आवाज किती टोचतो त्याच्या रेघा. वर्गातल्या पोरांच्या, प्रांजलच्या, मराठीच्या सरांच्या. आणि त्या सगळ्यांच्या कितीतरी वर गेलेली एक.

"ही कुणाची?" अक्कांनी विचारलं, पण स्नेहलनं आधीच तोंडाला पदर लावला होता.

"तुमची, आज्जी."

अक्कांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "बरं. ढब्बू म्हणायचं सोडतो मी. प्रांजलचं नाव काढत नाही. त्यात काय एवढं." आणि खिडकीकडे वळून त्यांनी आयुष्यात वापरला नव्हता तो आवाज काढला. "सन्मती, बाळा. गुणाची गं माझी बाय."

पोरगी चित्र काढत राहिली. अक्कांनी परत हाक मारली, अजून गोड. स्नेहलला ते बघवेना.

"शब्दांचं नाही हे," मॅडम म्हणाल्या. "आवाजाचं आहे. तिला मी विचारलं होतं, कुणासारखं व्हायचंय. सगळी पोरं नटांची नाहीतर खेळाडूंची नावं सांगतात. ही म्हणाली, आज्जीसारखं. न शिकता एवढं उभं केलं, कुणाला भीत नाही, सगळं तोंडपाठ. प्रांजलशी ती वर्षाच्या परीक्षेपुरतं स्वतःला तोलते, आज्जी. तुमच्याशी रोज. तुम्ही नुसतं खाकरलात तरी तिचं पारडं वर जातं."

माणसानं माणसावर एवढी माया करावी आणि त्या मायेनंच त्याचं तोंड बंद व्हावं, असला हिशेब अक्कांनी कुठल्याच बाजारात बघितला नव्हता.

"काढून टाका ते," त्या म्हणाल्या.

स्नेहलनं या घरातल्या सोळा वर्षांत सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही तिचा आवाज चढला नाही. "आत्ती, पोरीनं तिचं नाव वहीवर घातलंय. ते परत खरवडायचं असलं तर काढा."

अक्कांनी खिडकीकडे, चित्र काढणाऱ्या पोरीकडे बघितलं.

"कायमचं बंद नाही होत," मॅडम हळूच म्हणाल्या. "निवळी रोज फट उघडून बघते. तुमचा आवाज आला आणि लहर उठली नाही, तर तेवढा आत सोडते. त्यावर काय करायचं ते मलाही सांगता येत नाही."

पंधरा-वीस दिवस त्या घरात विचित्र गेले. अक्का बोलायच्या आणि सन्मती त्यांच्या ओठांकडे बघून हसायची, खुणेनं उत्तर द्यायची. आज्जीचा घसा बसलाय, असं तिला सांगितलं होतं. आवाज कापला जातो हे कळलं तर तेवढ्यानंही टोचेल, असं मॅडमचं म्हणणं. रागवायचं तर ऐकू जात नाही, लाड करायचे तर ऐकू जात नाहीत. अक्का भांड्यांवर राग काढायला लागल्या.

मग एका दुपारी नव्या छपाईच्या पिशव्या आल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं होतं. अक्का आयुष्यभर अशा वेळी म्हणत आल्या होत्या, "चष्मा कुठं ठेवला कोण जाणे, जरा वाच गं." आज आसपास कुणी नव्हतं, फक्त चाळणीपाशी बसलेली पोरगी, आणि तिला कुठं ऐकू येणार होतं? अक्कांनी पिशवी डोळ्यांपुढं धरली आणि बोट ठेवून पुटपुटायला लागल्या.

"चि...चिरमुरे. शेंग...शेंगटा... शेंगदाणे. तिखट. मी... मीठ. ल...लसून..."

"लसूण, आज्जी."

अक्कांचं बोट पिशवीवर थांबलं.

"बाणातला ण आहे तो," सन्मती चाळण बाजूला ठेवत म्हणाली. "घसा सुटला तुझा? नळातला न वेगळा. दाखव इकडं." ती सरकत येऊन अक्कांच्या मांडीला मांडी लावून बसली.

अक्कांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पोरीला त्यांचे डोळे दिसले असते. त्यांनी पुढचा शब्द धरला. "ह...हलट. हे बघ की, आत्ता द होता. ट कवा झाला?"

सन्मती बघतच राहिली. मग असं हसली, की पुढच्या दुकानातला शिंपी डोकावला. "तुझी पण नाचत्यात?"

"लहानपणापासनं," अक्का म्हणाल्या. नवऱ्याला, पोरांना, सुनांना, देवालाही जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्या भडंगाच्या पिशवीवर सांगून मोकळ्या झाल्या. "मला वाटायचं दोष माझ्या डोळ्यांत आहे. म्हणून दुसरीतनं पळून आलो."

"मॅडम म्हणत होत्या, हे रक्तातनं येतं. म्हणजे तुझ्याकडनंच आलंय मला." पोरीनं हे असं सांगितलं, जसं कुणी पाटल्या वारशात आल्याचं सांगावं.

ते दिवस चांगले होते. रोज तिन्हीसांजेला दोघी पिशव्या, लग्नपत्रिका, दिनदर्शिकेच्या मागची पानं घेऊन बसायच्या आणि जोडीनं अडखळायच्या. अक्कांना वाटलं, सुटलं कोडं.

पण एके दिवशी हमालानं पोतं ओलीत ठेवलं आणि अक्का त्याच्यावर त्यांच्या मूळच्या आवाजात कडाडल्या. परत येऊन पिशवी हातात घेतली तर सन्मती गोंधळून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आज्जी, मधीच मुकी झालीस. घसा परत बसला काय?"

अक्कांनी पटकन एक शब्द चुकीचा वाचला. पोरीला ऐकू आलं.

तिथून पुढं जे सुरू झालं ते अक्कांनी कुणाला सांगितलं नाही. त्या विसरायला लागल्या. फोडणीच्या नुसत्या वासावरनं मीठ कमी की जास्त हे ओळखणाऱ्या बाईनं नातीला विचारलं, "चव बघ गं, मला कळंना झालंय." गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना पोरगी जवळ असली की त्या हरायच्या. हळद किती, हिंग किती, सगळं विचारायला लागल्या. सन्मती सांगायची, आधी चाचरत, मग ठणकावून. तिची मान ताठ व्हायला लागली, आणि अक्कांची त्याच मापानं खाली गेली. पेठेत कुजबुज झाली, अक्का खचल्या. थोरला मुलगा येऊन डॉक्टरचं नाव सांगून गेला. स्नेहलनं न बोलता गल्ला हातात घेतला. अक्कांनी दिला. ज्या जिभेवर त्यांनी घर उभं केलं होतं, ती त्यांनी पोरीसाठी रोज थोडी थोडी तासून टाकली.

एकच गोष्ट राहिली होती. बस्तीतलं लांबलचक संस्कृत स्तोत्र अक्का लहानपणी आईच्या मांडीवर ऐकून शिकल्या होत्या. वाचून नव्हे, कानानं. पर्युषणात चाळीस बायका त्यांच्या मागून म्हणायच्या. डोळे मिटून, एक काना-मात्रा न चुकता अक्का पुढं म्हणत, आणि खांबाला टेकलेली सन्मती लहानपणापासून ते ऐकत आलेली. यंदा ती शेजारीच येऊन बसली. अक्कांनी पुस्तक उघडून नाकाशी धरलं आणि तिसऱ्याच श्लोकाला अडखळल्या. मागच्या बायका थांबल्या. कुणीतरी सुस्कारा सोडला.

सन्मतीनं आज्जीच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे आज्जी. जमंल हळूहळू."

हेच वाक्य, ह्याच सुरात, शाळेतल्या बाया त्या पोरीला म्हणत आल्या होत्या. ते पाठीवर घेताना कसं लागतं, हे अक्कांना त्या दिवशी कळलं.

पर्युषण संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी लहान-थोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. सकाळपासून घरात माणसांची ये-जा होती. दुपारी गर्दी ओसरली तशी सन्मती दुकानामागच्या खोलीत आली. अक्का पोत्यावर टेकून बसल्या होत्या. तिनं वाकून पाया पडून म्हटलं, "उत्तम क्षमा, आज्जी."

"उत्तम क्षमा," अक्का पुटपुटल्या.

पोरगी उठली नाही. तिनं एका कानातली बी काढली, मग दुसऱ्या, आणि दोन्ही अक्कांच्या तळहातावर ठेवल्या. बिया कोमट होत्या.

"प्रांजल म्हणाली, आज्जी लबाडी करती. म्हणाली, आज्जीला सगळं तोंडपाठ आहे, पिढ्यान्‌पिढ्याचं, तुझ्यासाठी मुद्दाम चुकती. मी तिच्याशी भांडलो. मग मॅडमना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, तुझ्या रेघेचं पण."

रस्त्यावरून एक टेंपो गेला. बियांनी बुजलेले कान मोकळे झाले होते, म्हणून सन्मती त्या आवाजानं जराशी शहारली.

"त्या दुखू नये म्हणून आहेत," ती म्हणाली, "पण मला तुझा आवाज आठवंना झालाय, आज्जी. खरा. लहानपणी खांबापाशी ऐकायचो तो. दुखलं तर दुखू दे. म्हण."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. पोरीनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते, दात काढायला बसलेलं माणूस धरतं तसे. खिडकीत तिची वही होती, तिच्यावर जाड अक्षरात नाव. अक्कांना ते नाव दिसलं आणि ब्लेडनं पांढरी झालेली जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची जागाही डोळ्यांपुढं आली.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला श्लोक आपसूक बाहेर पडला, भरल्या घागरीसारखा. महिनोन्‌महिने कोंडलेला आवाज खोलीभर झाला. त्यांनी डोळे किलकिले करून बघितलं. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ते पाणी कशाचं हे विचारायला हवं होतं. आयुष्यभर कुणालाही काहीही विचारणाऱ्या अक्कांनी तेवढं विचारलं नाही. त्या भ्यायल्या. दुसऱ्या श्लोकाच्या मध्यावर थांबल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "पुढचं... आठवंना बघ."

चाळणीवर एक माशी बसली होती. सन्मतीनं ती हातानं उडवली. पोरगी रागावली नाही. रागावली असती तर अक्कांना उत्तर होतं.

"वर्गातली पोरं मला ढ म्हणायची ना," ती शेवटी म्हणाली, "तवा मला वाटायचं, त्यांना काय माहितीय. आज्जी तसं समजत नाही." तिनं डोळे पुसले. "एक श्लोकसुद्धा सोसणार नाही, असं वाटलं तुला."

"ढब्बू..."

"ते आत्ता ऐकू आलं मला," सन्मती म्हणाली. आणि अक्कांच्या तळहातावरून एकेक बी उचलून तिनं कानात बसवली, सवयीनं, कुंकू लावावं तितक्या सहज. चाळण ओढली आणि चिरमुरे चाळायला लागली.

"ढब्बू," अक्का म्हणाल्या. "सन्मती. ए बाय."

चाळण हलत राहिली.

मग अक्का पोत्यावर ताठ बसल्या. त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले आणि स्तोत्र पहिल्यापासून म्हणायला घेतलं. पूर्ण आवाजात. पुढच्या दुकानात शिंप्याचं यंत्र थांबलं, गल्ल्यावरची स्नेहल दारात येऊन उभी राहिली, रस्त्यावरची दोन माणसं चप्पल काढून हात जोडून थांबली. एक काना चुकला नाही, एक मात्रा चुकली नाही.

हाताच्या अंतरावर सन्मती खाली मान घालून चिरमुरे चाळत होती. तिच्या कानांत फक्त चाळणीची सळसळ होती. शेवटचा श्लोक संपला तेव्हा तिनं चाळण खाली ठेवली, आज्जीकडे बघितलं आणि भडंगाची एक पिशवी मागची बाजू वर करून तिच्यापुढं सरकवली.

"वाचायचं?" तिनं विचारलं.

अक्कांनी पिशवी घेतली. डोळ्यांपुढं धरली.

"चि...," त्या म्हणाल्या. "चिर..."